गोठ्याच्या भिंतीवरची अक्षरं

“बघा वहिनी, कशी आरशागत झालीया!”

थापी धुता धुता गवंडी बोलला. मी शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी करून येत होते. मान वर करून बघितलं. गोठ्याची अख्खी भिंत गुळगुळीत, पांढरीशुभ्र झाली होती.

“अरे, अक्षरं कुठं गेली?”

“कसली अक्षरं?”

“भिंतीवर काळ्या रंगानं लिहिलेली! तुला मी फक्त खालची उंदरांची बिळं बुजवायला सांगितली होती ना?”

“माल उरला हुता वहिनी. म्हटलं अर्धी भिंत कशाला उघडी ठेवायची? वरनं निरूचा, पांढऱ्या चुन्याचा, हातबी मारला.” त्याला वाटलं मी त्याचं कौतुक करायचं विसरले. “ए बी सी डी तर हुती. पोरगं लिहील की परत.”

“पोरानं नाही लिहिली ती, सुभेदारांनी लिहिली होती.”

हे ऐकल्यावर मात्र गड्यानं गाशा गुंडाळला. घमेलं, फावडं, लाकडी रंधा गोळा केला, चहा पण नको म्हणाला आणि निघून गेला. आमच्या गावात सुभेदारांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

सुभेदार म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, घरात आम्ही आबा म्हणायचो. फौजेतून येऊन जमाना लोटला होता, पण अंगातली फौज काही उतरली नव्हती. पहाटे उठायचं, दाढी करायची, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा. आमच्या घरात म्हशीलासुद्धा सावधान-विश्राम कळायचं. रस्त्यानं चालले की नाकासमोर बघून चालायचे. पारावर कुणी “राम राम सुभेदार” म्हटलं तर मान हलवतील, पण स्वतःहून कुणाला हाक नाही की विचारपूस नाही. लोक मागं म्हणायचे, म्हाताऱ्याला लई माज हाय, माणसाला बघून न बघितल्यागत करतो. मला ते ऐकून घ्यावं लागायचं. गावात सुनेला सगळ्यांचं सगळंच ऐकून घ्यावं लागतं.

त्या दिवशी आबा आणि माझा मुलगा संग्राम, दोघं वन्संच्या गावाला बारशाला गेले होते. शेवटच्या गाडीनं येणार होते. आणि इथं ही भिंत. ती नुसती भिंत असती तर मी बोलणी खाऊन मोकळी झाले असते. पण त्या अक्षरांवर माझ्या पोराचे डोळे टांगलेले होते, आणि त्यापायी गेले कित्येक महिने माझा जीव अर्धा झाला होता.

झालं होतं असं. संग्राम पाचवीत गेला आणि त्याच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, फळ्यावरचं लिहून घ्यायचं म्हटलं की हा शेजारच्याच्या वहीत डोकावतो, पुढं बसवलं तरी डोळे बारीक करतो. मी त्याला तालुक्याला डॉक्टर श्रोत्री बाईंकडं नेलं. बाई मोठ्या मायेच्या. त्यांनी तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं, आणि मला समोर बसवून सांगितलं, “लांबचं दिसत नाही त्याला. नंबर बराच मोठा आहे, आणि वाढतोय. अंग वाढतं तसा याचा डोळाही आतून लांबट होत चाललाय.”

“मग आता काय करायचं?”

“चष्मा दिवसभर घालायचा. रात्री झोपताना एकेक थेंब औषध. पुस्तक नाकाला लावून वाचायचं नाही. उजेडात, उन्हात बाहेर भरपूर खेळू द्यायचं. आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं, चुकवायचं नाही. नंबर अजिबात जाणार नाही, पण धावत सुटलाय त्याला आवरता येईल. दुर्लक्ष केलंत तर मोठेपणी पडद्याला धोका असतो, हे लक्षात ठेवा.”

मी चष्मा करून आणला. निळ्या काड्यांचा, संग्रामनंच निवडलेला. घरात पाऊल टाकलं, आबांनी त्याच्या तोंडाकडं अगदी जवळ येऊन बघितलं आणि चष्मा काढून घेतला.

“हे काय सोंग आणलंस?”

“आबा, डॉक्टरांनी सांगितलंय. त्याला लांबचं दिसत नाही.”

“एकदा चष्मा लावला की नंबर चिकटतो. आन् ह्या नाकावर वळ उमटला म्हंजे? मेडिकलचा डॉक्टर बघताक्षणी वळखतो. सैनिकी शाळा गेलीच म्हणायची!”

तर ती सैनिकी शाळा. आमच्या घरात जन्मलेल्या मुलाच्या पाळण्यावरच ती टांगलेली असायची. आबा जवान म्हणून लागले, माझे मालक जवान म्हणून लागले, संग्रामनं मात्र अधिकारी व्हायचं. त्यासाठी सैनिकी शाळा, त्यासाठी सहावीच्या प्रवेशाची परीक्षा, आणि परीक्षेनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला. बिनचष्म्याचा.

“मेडिकल हुईस्तवर चष्मा न्हाई,” आबांनी ठरवून टाकलं. “नजर सरावानं येते. बाई काय म्हणली आनखी?”

“बाहेर खेळू द्या म्हणाल्या. उन्हात.”

“बघ! ही एक गोष्ट शानपणाची सांगितली तिनं. उद्यापासनं पळायला नेतो.”

चष्मा आबांच्या ट्रंकेत गेला. रविवारी ह्यांचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. बर्फातनं बोलत होते, आवाज तुटत होता. म्हणाले, “आबा म्हणतात तसं कर. एकदा आत गेला की पुढचं पुढं बघू.” मी म्हटलं, डोळे जातील पोराचे. तिकडून नुसतंच हॅलो, हॅलो. खरंच ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आबांनी काळ्या रंगाचा डबा आणला आणि गोठ्याच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं काढली. वर एक मोठं, त्याखाली दोन, मग तीन, अशी खाली बारीक बारीक होत गेलेली. डॉक्टरकडं असतो तसा तक्ता. ते नाक भिंतीला लावून काढत होते. हातात कागद नाही, समोर पुस्तक नाही. मला नवल वाटलं होतं, पण त्या वेळी मी इतकी चिडलेली होते की नवल करायलाही सवड नव्हती.

मग रोज तेच. पहाटे पळून यायचं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रेघेवर उभं राहायचं, एक डोळा हातानं झाकायचा आणि आबा म्हणतील ती ओळ वाचायची. पहिल्या पहिल्यांदा संग्राम अडखळायचा. मग हळूहळू घडाघडा वाचायला लागला. आबा खूश, फोनवर ह्यांना सांगत सुटले, “नजर सुधारली रे! तुझी बायको उगं घाबरत हुती.” मलाही कधीकधी वाटायचं, असेल बाबा, होत असेल सरावानं. पण तेच पोर अंगणातून आलेल्या मावशीला आत्या म्हणून हाक मारायचं. फळ्यावरचं दिसतंय का विचारलं की म्हणायचं, “दिसतंय गं आई, सारखं काय?” मी रात्री आबा झोपले की त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची. बाटली देव्हाऱ्यात, तुळजाभवानीच्या तसबिरीमागं लपवलेली. स्वतःच्या लेकराला औषध घालायचं आणि तेही चोरून! दिवसभर म्हशी, दूध, शेत, स्वयंपाक, आणि वर ही चोरी. मी इतकी शिणले होते की कधी कधी उभ्या उभ्या डोळा लागायचा.

लेखी परीक्षा संग्राम पास झाला. घरात पेढे वाटले. दाखल्यासाठी साताऱ्याला जायचा सोमवार ठरला. आणि त्याआधीच्या गुरुवारी ही भिंत पुसली गेली.

आबा आणि संग्राम शेवटच्या गाडीनं आले ते पेंगतच. जेवण वन्संनी बांधून दिलं होतं, ते गाडीतच उरकलेलं. दोघं आडवे झाले. भांडण सकाळवर ढकलावं म्हटलं. सकाळी चहा हातात देतानाच सांगायचं, म्हणजे निदान कपबशी सांभाळायच्या नादात आवाज थोडा खाली राहील.

पण सकाळी मला जाग आली तेव्हा दोघं पळून परतसुद्धा आले होते. मी घाईघाईनं चूल पेटवली, चहा टाकला आणि कप घेऊन दाराशी आले. उजाडायला लागलं होतं. समोर पांढरी भिंत. रेघेवर संग्राम उभा, त्याच्या बाजूला काठी टेकून आबा. आता तोफ सुटणार म्हणून मी पदर खोचला.

“राइट आँख बंद! पहली लाइन!”

“ई!” संग्राम ओरडला.

माझे पाय जागच्या जागी थांबले.

“दुसरी!”

“एफ, पी!”

“चौथी!”

“एल, पी, ई, डी!”

“शाब्बास रे वाघा! सहावी, सगळ्यात अवघड!”

“ई, डी, एफ, सी, झेड, पी!”

कोऱ्या भिंतीवरून पोरगं वाचत होतं, आणि कोऱ्या भिंतीकडं बघून म्हातारा मान डोलवत होता.

काय सांगू, पहिल्यांदा मला हसू आलं. खरंच, तोंडावर पदर धरावा लागला. आणि मग ते हसू जागीच विरलं. पोराला दिसत नाही हे मला ठाऊक होतं. पण इतकं? एवढी मोठी भिंत, तिच्यावर काहीच नाही, हेसुद्धा कळू नये? आणि आबा? ज्यांच्या शब्दाखातर मी महिनोन्‌महिने गप्प बसले, त्या माणसाला तर भिंतीवर काय आहे याचा पत्ताच नाही!

मी कप कट्ट्यावर ठेवला आणि सरळ अंगणात गेले. सासऱ्याचा हात धरायची आमच्यात रीत नाही. लग्न होऊन आल्यापासून वाकून नमस्कार करताना पायाला हात लागला असेल तेवढाच. त्या दिवशी मी आबांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं संग्रामचं.

“काय गं? काय झालं?”

“जरा चला माझ्याबरोबर.”

“अगं पर...”

“चला म्हणते ना!”

दोघांना ओढत भिंतीशी नेलं आणि आबांचा तळवा भिंतीवर टेकवला. निरू अजून ओली होती. त्यांचा हात दचकून मागं आला, मग त्यांनी तो स्वतःच पुन्हा टेकवला. वर नेला, खाली नेला, डावीकडं, उजवीकडं. पहिल्या अक्षराच्या जागी तो जरा जास्त थांबला.

“आई, अक्षरं कुठं गेली?” संग्रामचं नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर होतं.

“काल गवंडी आला होता. काल दुपारपासून भिंत कोरी आहे.”

संग्रामनं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. आबांनी पांढरा झालेला तळवा धोतराला पुसला, काठी घेतली आणि गोठ्यात गेले.

संग्रामला शाळेला लावून दिलं. जाताना तो उंबऱ्यात घुटमळला. “आई, आबा रागावले का गं माझ्यावर?” मी म्हटलं, नाही रे बाळा. “मी पाठ केलंय ते सगळं. आबा खूश व्हायचे म्हणून.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आबा गोठ्यातून बाहेर आलेच नाहीत. चहा गार झाला, न्याहारीची वेळ टळली. शेवटी मी भाकरी घेऊन गेले. गव्हाणीच्या कडेवर बसून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

मी ताट ठेवलं आणि म्हटलं, “आबा, आज मी बोलणार आहे. तुम्हाला राग आला तर येऊ दे. पोराला काही दिसत नाही. तुमचा सराव बिराव काही झालेला नाही. नुसतं पाठ केलंय त्यानं.”

“ठाऊक हाय मला.”

“काय?”

“पहिल्या दिसापासनं ठाऊक हाय. पाठच करून घेत हुतो.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही गडबड होतेय. “म्हणजे? त्याला दिसत नाही हे ठाऊक असून...”

“म्या असाच लागलो, शालन.” आबा म्हशीकडं बघूनच बोलत होते. “भरतीला. माझ्याफुडं रांगेत लई पोरं हुती. एकेक जण आत जाऊन मोठ्यांदा वाचायचा. मला तर तक्ता दिसतबी नव्हता. मग ऐकून ऐकून पाठ केला. इंग्रजीचा गंध न्हाई, पर आरतीगत पाठ केला. ई, एफ पी, टी ओ झेड. साहेब म्हणला, फर्स्ट क्लास. झालो भरती.”

तेव्हा मला कळलं, कागद न बघता त्यांनी भिंतीवर तक्ता कसा काढला ते.

“आणि पुढं?”

“फुडं काय? दर वरसाला मेडिकल आली की रातभर तक्ता घोकायचो. ते एक बरं, तक्ता बहुतेक त्योच असायचा. गोळीबाराला उभा राहिलो की निशाण दिसायचं न्हाई, अंदाजानं मारायचो. शिव्या खाल्ल्या. मग हातापाया पडून स्टोअरला बदली घेतली. गावाला वाटतं सुभेदार सरहद्दीवर हुता. म्या कांबळी मोजत हुतो.”

“चष्मा मागायचा होता!”

“मागितला असता तर इचारलं असतं, लागलास कसा? तोंड कुठं दाखवलं असतं? आन् सुटून आलो तवा गावात सुभेदार झालो हुतो. सुभेदाराला दिसत न्हाई कसं म्हणायचं?” त्यांनी गव्हाणीतला कडबा म्हशीपुढं सारला. “लोक म्हणत्यात माज हाय. बघून न बघितल्यागत करतो. आगं, म्या बघतच नव्हतो. पाच हातांवर मानूस आला तरी मला नुसता इजार-सदरा दिसतो. आवाज आला तर वळख पटती.”

मला त्यांची कीव आली. आणि त्याच क्षणी रागही आला. दोन्ही एकदम येतात हे मला त्या दिवशी कळलं.

“आबा, तुम्ही सगळी वर्षं तशी काढलीत. आयुष्यभर घाबरत काढलीत. माझ्या पोरानं पण तशीच काढायची? शाळेत कोणाला कळू नये म्हणून भ्यायचं, मेडिकल आली की भ्यायचं, बायकापोरांना ओळखता येईना तरी मान ताठ करून चालायचं? आणि डोळ्यांचा पडदा सुटला तर? डॉक्टर बाईंनी सांगितलंय मला. मग कुणाला पाठ करून काय वाचून दाखवणार तो?”

मी त्यांच्यापुढं हात पसरला.

“चष्मा द्या त्याचा.”

“सोमवारी साताऱ्याला जायचंय,” आबा म्हणाले. “तयारी ठेव.”

एवढं सगळं सांगून सवरून वर हेच! मी ताट तिथंच टाकून बाहेर आले. चुलीपुढं बसून रडून घेतलं. नंतर उठून धुणं धुतलं, कारण ते दुसरं कुणी धुणार नव्हतं. शनिवार-रविवार आबा माझ्याशी बोलले नाहीत, मी त्यांच्याशी बोलले नाही. पळणं चालू होतं, वाचन बंद होतं. ह्यांचा फोन आला, तो मी उचललाच नाही. मनाशी एकच ठरवलं होतं, की साताऱ्याला डॉक्टरसमोर मी तोंड उघडायचं. घरातून काढलं तर काढू दे. माहेरी जागा नव्हती, भावजयीनं दोन दिवससुद्धा ठेवून घेतलं नसतं, हेही माहीत होतं. तरी ठरवलं.

सोमवारी दवाखान्यात ही गर्दी. आजूबाजूच्या गावांतली पोरं आणि त्यांचे बाप, आजे. आमच्याच गावचे बजरंग तात्या त्यांच्या नातवाला घेऊन आले होते. ते फौजेत आबांच्या मागून गेलेले, आबांना फार मानायचे. “या सुभेदार, बसा!” म्हणून त्यांनी बाकावर सरकून जागा केली. आबा बसले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, काठी बगलेत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

तपासायची खोली लांबट होती, मध्ये नुसता पडदा, तोही अर्धवट ओढलेला. आत जो वाचेल त्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू यायचा. “ई. एफ, पी. टी, ओ, झेड.” बाकावर बसलेल्या संग्रामचे ओठ हलत होते. मी त्याच्याकडं बघितलं की थांबायचे. आबांचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.

संग्रामचं नाव पुकारलं. आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टर वयस्क होते, सकाळपासून पोरं तपासून कंटाळलेले. कंपाउंडरनं संग्रामला स्टुलावर बसवलं, एका डोळ्यावर पुठ्ठा धरला.

“वरून वाचत ये बाळ.”

संग्रामनं एकदा आबांकडं बघितलं. आबा समोर बघत होते. मग त्यानं मान ताठ केली आणि वाचलं. वरपासून खालपर्यंत, न थांबता. दुसरा डोळा झाकला, तेच. शेवटच्या ओळीला तर त्यानं आवाज असा लावला की बाहेरच्या बाकावरून बजरंग तात्या म्हणाले, “वा रं पठ्ठ्या!”

“छान. दोन्ही डोळे उत्तम,” म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

आता. आता बोललं नाही तर कधीच नाही. मी पुढं सरकले, तोंड उघडलं...

“साहेब, थांबा.”

आवाज आबांचा होता.

“पाठ हाय ते त्याचं. दुसरा तक्ता लावा.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “म्हणजे?”

“म्या शिकवलंय. घरात, भिंतीवर लिहून. दुसरा लावा.”

कंपाउंडरनं डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली, आणि त्यानं भिंतीवरचा तक्ता उतरवून आकड्यांचा टांगला. संग्राम आबांकडं असा बघत होता की माझ्यानं बघवलं नाही. इतके दिवस ज्या माणसाला खूश करायला त्यानं जिवाचं रान केलं, त्याच माणसानं भरल्या दवाखान्यात त्याला उघडं पाडलं होतं.

“आबा!”

“वाच. दिसतंय तेवढंच सांग.”

संग्रामनं डोळे बारीक केले. पुढं वाकला. कंपाउंडरनं त्याला मागं केलं. त्यानं पुन्हा डोळे बारीक केले.

“वरचा मोठा आकडा?” डॉक्टरांनी मऊ आवाजात विचारलं.

“न्हाई दिसत,” संग्राम म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. “आबा, मला काहीच न्हाई दिसत ओ.”

आबा त्याच्या स्टुलाजवळ गेले. बगलेतली काठी माझ्या हातात दिली, टाचा जुळवल्या, हात मांड्यांशी सरळ केले. तक्त्याकडं तोंड करून बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मलाबी न्हाई दिसत, साहेब. भरती झालो तवाबी दिसत नव्हतं.”

बजरंग तात्या पडद्याआड उठून उभे राहिलेले मला दिसले. आबा हलले नाहीत. संग्रामनं रडता रडता त्यांच्या शर्टाची बाही धरली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि कंपाउंडरला अजून एक स्टूल आणायला सांगितलं.